ताई, तू कुंपण काढलं नाहीस

चि. ताईस, काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आभार मानायला गेलो की "काका, पुरे हं" म्हणून तू विषय बदलतेस. म्हणून हे उघड पत्र. खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे डीटीपी-झेरॉक्सवाले हे वाचतील. तू नेमकं काय केलंस ते त्यांनाही कळायला हवं.

2024 च्या नवरात्रात राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी उतरलीस आणि आईला भेटून आमच्या छपाईच्या दुकानात चहाला आलीस. कप अजून हातातच होता, तेवढ्यात विचारलंस, "काका, कप्सचं अपडेट घेतलंत का?" मला वाटलं, तू कपाबद्दलच बोलतेयस. दुकानातल्या संगणकावरच्या उबुंटू या लिनक्स प्रणालीत छपाईचं काम सांभाळणाऱ्या सेवेचं नाव कप्स, हे मला पंधरा वर्षं यंत्र वापरून त्या दिवशी कळलं.

मग तू सांगितलंस. 26 सप्टेंबरला इटलीच्या सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकानं या छपाईच्या व्यवस्थेतल्या चार चुका जगापुढे मांडल्या होत्या. कप्स-ब्राउज्ड नावाचा एक जोडीदार प्रोग्राम नेटवर्कवर प्रिंटर शोधत 631 नंबरच्या पोर्टवर कान लावून बसतो आणि "मी प्रिंटर आहे" म्हणणाऱ्या कोणाचंही खरं मानतो. असा खोटा प्रिंटर यादीत शिरला आणि कोणी त्यावर एक पान पाठवलं, की चोरानं लिहिलेला हुकूम आपल्या यंत्रावर चालतो. आमच्याकडे ग्राहक मोबाइलवरून फायली पाठवतात ते वायफाय आणि छपाईचं यंत्र, दोन्ही एकाच राउटरवर. तू अपडेट घेतलंस, आणि आमचे तिन्ही प्रिंटर कायमचे जोडलेले असल्यामुळे तो शोध्या प्रोग्राम बंदच केलास. अर्ध्या तासाचं काम. तेवढं करून उठली असतीस तरी मी ऋणी राहिलो असतो.

पण तू अजून एक गोष्ट तपासलीस. ॲपआर्मर म्हणजे उबुंटूतला प्रोग्रामांवरचा पहारेकरी, त्याच्या यादीत कप्सचं नाव नव्हतं.

तू समजावलंस ते मी माझ्या भाषेत लिहितो. साध्या लिनक्समध्ये फाइल ज्याची, तिची परवानगी द्यायची त्याच्या मर्जीवर, आणि रूट म्हणजे यंत्राचा धनी, त्याला कुठंच अडकाठी नाही. छपाईची सेवा रूटच्या अधिकारानं चालते. म्हणजे ती चोराच्या हाती लागली तर घरच हाती लागलं. ॲपआर्मर वरून सक्तीची यादी लावतं : या प्रोग्रामनं अमुक फायली वाचाव्यात, तमुक ठिकाणी लिहावं, बाकी कुठं हात लावायचा नाही, मग तो रूट असला तरी. "आप्पांना खिळ्यांच्या केसची मोकळीक होती, गल्ल्याच्या खणाची नव्हती, तसंच," म्हणालीस. तुझे आप्पा आमच्या वडिलांकडे एकवीस वर्षं कंपोझिटर होते, खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवायचे. मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. उबुंटूत 2007 पासून कप्सभोवती हे कुंपण आपोआप येतं. आमच्याकडे ते काढलेलं होतं.

कोणी काढलं तेही मला आठवलं. त्याआधी दीड वर्ष दुसरी हार्डडिस्क बसवली, ग्राहकाला दाखवायचं पीडीएफ प्रूफ त्या डिस्कवरच्या 'प्रूफ' फोल्डरमध्ये पडावं अशी सोय केली, आणि प्रूफ पडेना. दुरुस्तीला आलेल्या माणसानं लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, उघडला, "हा सगळा कचरा आहे" म्हणाला, काहीतरी बंद केलं आणि प्रूफ पडायला लागलं. मी त्याला पैसे दिले, वर चहाही पाजला. त्या दिवसापासून आमचं दार उघडं होतं. डिस्कवर प्रूफच्या शेजारीच शाळांच्या प्रश्नपत्रिकांचा फोल्डर. लोकांच्या आधारच्या प्रती, शेताचे उतारे, सगळं तिथंच.

तू कुंपण पुन्हा लावलंस आणि अपेक्षेप्रमाणे प्रूफ बंद पडलं. तुझ्यासमोरही तीच ओळ आली. 'डिनाइड', म्हणजे 'नाकारलं', हा शब्द, आणि पुढं फाइलच्या नावाच्या जागी आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ. पण तू खुर्ची पुढं ओढलीस, कागद मागितलास आणि ती माळ तीन-तीन जोड्यांनी तोडायला लागलीस. "ई शून्य, ए चार, ए ए. हा आपला प, काका." मग हलन्त, मग र, मग दीर्घ ऊकार, मग फ. 'प्रूफ' एवढ्याशा शब्दाची तीस चिन्हं! लॉगला इंग्रजीबाहेरची अक्षरं जशीच्या तशी लिहिता येत नाहीत, म्हणून तो ती अशी आकड्यांत उतरवतो. कचरा नव्हताच तो. आपलंच मराठी होतं. खालच्या ओळीत कन्नड नावाचा फोल्डर होता, तो तू नुसत्या नजरेनं ओळखलास : मराठी ई शून्य ए चारनं सुरू होतं, कन्नड ई शून्य बी दोननं.

तुझे आप्पा स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, जुळवलेली ओळ आरशात दिसावी तशी उलटी असतानाच सरळ वाचायचे, आणि चुकलेला खिळा चिमट्यानं उचलायचे. मी लहानपणी तासन् तास शेजारी उभा राहून बघायचो. त्या दुपारी तुझं बोट स्क्रीनवरून सरकताना बघून माझे डोळे भरून आले. तू बघितलं नाहीस. बरं झालं.

चूक कुठं ते मग लगेच कळलं. पीडीएफ बनवणाऱ्या तुकड्याला नियमाप्रमाणे घरच्या फोल्डरमधल्या 'पीडीएफ' या जागी लिहायची मुभा असते, आणि आम्ही त्याला दुसऱ्या डिस्कवर पाठवत होतो. मी म्हटलं, "मग अख्खी डिस्कच दे त्याला, कटकट नको." तू माझ्याकडे बघून एवढंच विचारलंस, "प्रश्नपत्रिका कुठं असतात?" आणि फक्त प्रूफच्या फोल्डरची ओळ लिहिलीस.

तेवढ्यावर थांबली नाहीस. दोन दिवस कुंपण तक्रारीच्या मोडमध्ये ठेवलंस, म्हणजे अडवायचं नाही, नुसती नोंद करायची. आम्हाला रोजची सगळी कामं करायला लावलीस : लग्नपत्रिकेचं प्रूफ, ए-थ्री, दोन्ही बाजूंची छपाई, मंडळाची पावती पुस्तकं. संध्याकाळी एकेक नोंद वाचून "हे लागतं का?" विचारायचीस. तिसऱ्या दिवशी सक्ती पुन्हा लावलीस, मुद्दाम प्रूफ प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरकडे वळवलंस आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवलीस. डिनाइड. त्या शब्दाचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

यातल्या मर्यादाही तू लपवल्या नाहीस. बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरना काय काय लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांच्यासाठी हे कुंपण फारच सैल असतं, असं स्पष्ट सांगितलंस. आमच्या रंगीत प्रिंटरचा तसला ड्रायव्हर काढून त्याशिवायच तो चालवून दाखवलास. कुंपण आहे म्हणून अपडेट टाळायचं नाही, हेही बजावलंस. तुझ्या ऑफिसात याच कामाला एसईलिनक्स असतं, तिथं जागेवरून नाही तर प्रत्येक फाइलीवरच्या चिठ्ठीवरून ठरतं, एवढं मला समजलं. बाकीचं पुढच्या खेपेला.

कुंपण बंदच ठेवायला एक मिनिट पुरलं असतं. मला कळलंही नसतं, मी खूशच झालो असतो. तू सुट्टीतले तीन दिवस दिलेस, पैशाचं नाव काढू दिलं नाहीस. ताई, या तीन दिवसांसाठी मी तुझा मनापासून आभारी आहे.

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार घातले, तेव्हा या कुंपणाबद्दल तू लिहून दिलेला कागद प्रिंटरशेजारी ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. आता तो गल्ल्याच्या खणात आतल्या बाजूला चिकटवलाय. मागच्या आठवड्यात टोनर बदलायला आलेला पोरगा "हे ॲपआर्मर काढून टाकू का, स्पीड वाढेल" म्हणाला. तुझ्या भावानं, म्हणजे आमच्या चिरंजीवानं, न बोलता खण उघडून कागद त्याच्यापुढं धरला.

आप्पांची जुनी केस माळ्यावर होती, ती खाली काढलीय. त्यातला 'प' पुसून कागदात गुंडाळून ठेवलाय. पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
काका
शहापूर, बेळगाव