बाप्तिस्म्यासाठी डिसेंबरची वाट बघू नकोस

प्रिय बाळा,

काल फोनवर तुझी मीटिंग होती म्हणून जास्त बोलले नाही, आता स्वयंपाक आटोपून निवांत बसून टाइप करतेय. लांब होईल, पण रात्री सुनेसोबत बसून पूर्ण वाच.

बाळीचा बाप्तिस्मा डिसेंबरमध्ये वसईत करायचा, नाताळात सगळे सुट्टीवर येतात, हॉल बघून ठेवायचा, केटरर, बँड, हे सगळं तू एका दमात बोललास आणि मला आनंदही झाला, पण तोवर पोर दहा महिन्यांची होईल रे. चर्चचं सांगणंच आहे की मूल जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा द्यावा. हॉल मिळाला नाही म्हणून संस्कार पुढे ढकलायचा हे मला अजिबात पटत नाही. दुबईत तुमचं सेंट मेरीज चर्च आहे, रविवारी तिथेच जाता ना, मग तिथेच करा. पार्टी डिसेंबरमध्ये इथे करू, मांडव घालू, पूर्ण आळीला जेवायला बोलवू, मी कुठे नाही म्हणतेय.

मी एवढी मागे का लागते ते सांगते. तुझा दादा सातव्या महिन्यात झाला, काचेच्या पेटीत ठेवलेला, मुठीएवढं तोंड, डॉक्टर म्हणाले रात्र काढली तर बघू. तुझ्या आजीने कोणालाच विचारलं नाही. नर्सकडून वाटीभर उकळून गार केलेलं पाणी मागितलं, हात आत घालून त्याच्या कपाळावर तीनदा थेंब थेंब सोडलं आणि म्हणाली, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. बस. चौथी शिकलेली बाई, पण जीव धोक्यात असला तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं हे तिला पक्कं माहीत होतं, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा देऊ शकते, फक्त पाणी हवं, ते शब्द हवेत आणि चर्चला जे करायचं असतं ते करायची इच्छा हवी. पुढे दादा घरी आला, आम्ही त्याला देवळात नेलं, तर फादरनी परत पाणी ओतलं नाही, म्हणाले आजीने दिलेला बाप्तिस्मा पुरा आहे, तो आयुष्यात एकदाच होतो. बाकी राहिलेलं तेवढं केलं, टाळूवर तेल, अंगावर सफेद कपडा, आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती डॅडींच्या हातात. त्या दिवशी डॅडी जे रडले तसे लग्नातही रडले नव्हते.

ते टाळूवरचं तेल पण साधं नसतं हं. पवित्र आठवड्यात बिशप सगळ्या फादरांना घेऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना करतात आणि त्यात ते आशीर्वादित करतात, तिथून ते प्रत्येक चर्चमध्ये जातं. हेच तेल पुढे दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायच्या संस्काराला, कपाळावर लावतात, आणि कोणी फादर झाला तर त्याच्या तळहातांना.

आता गॉडफादरचं, म्हणजे बाळीला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी घेणाऱ्याचं. तुझा तो रूममेट मनाने सोनं आहे, तुझ्या आजारपणात त्याने केलं ते मी कधी विसरणार नाही, पण तो हिंदू आहे, गॉडफादर होता येत नाही त्याला. समारंभाला सगळ्यात पुढे बसव. गॉडपॅरेंट कॅथलिक लागतो, सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेला आणि स्वतः श्रद्धेने चालणारा. एक असला तरी चालतो, त्यामुळे ताईला व्हिसा नाही मिळाला तर अडून बसू नका, तिथली सुनेची मावसबहीण आहे ना. आणि गिफ्ट कोण किती मोठं देईल ते बघून निवडू नका रे बाबा, इकडे हल्ली तेच चाललंय.

नावाचं माझं काही म्हणणं नाही. संताचंच पाहिजे असा आता नियम नाही, श्रद्धेला विसंगत नसलं की झालं, आपल्या वसईत किती जणांची छान मराठी नावं आहेत. मुलगा असता तर मी गोन्सालोसाठी हट्ट धरला असता, आपल्या वसईत जन्मलेला पोरगा, 1597 मध्ये जपानात नागासाकीला श्रद्धेसाठी क्रुसावर मारला गेला आणि 1862 मध्ये संत झाला.

अजून एक, रजिस्टर. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरमध्ये बाळीची नोंद होईल, आणि पुढे तिचं दृढीकरण, लग्न, सिस्टर होऊन व्रतं घेतली तर ते, जगात कुठेही झालं तरी ते कळवून याच नोंदीत लिहिलं जातं. तुझ्या लग्नाच्या वेळी सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला मागितला तेव्हा तू चिडला होतास ना, जुना आहे की म्हणून, त्याचं कारण हेच, दुसरीकडे लग्न झालेलं असेल तर त्या नोंदीत दिसतं. म्हणून स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे नीट लिहून घ्या, नंतर खूप त्रास होतो.

आणि आजोबांना परवा फादर येऊन तेल लावून गेले, घाबरू नकोस. आधी तेही घाबरले, शेवट आला का विचारत होते, जुन्या लोकांच्या डोक्यात तेच बसलंय, पण तो आजाऱ्यांचा संस्कार आहे, मोठं दुखणं आलं की घ्यायचा, पुन्हा दुखणं आलं तर पुन्हा. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं, कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर दिली, संध्याकाळी दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी.

उद्याच पॅरिश ऑफिसला फोन करून पालकांचा क्लास कधी असतो ते विचार, त्याशिवाय तारीख देत नाहीत. दाखले इथून काही लागले तर लगेच सांग, डॅडी रविवारी मिस्सानंतर ऑफिसात जाऊन घेतील. बाप्तिस्म्याचा सफेद झगा मी शिवायला घेतलाय, बाळीचं माप पाठव, छाती आणि उंची, आणि थोडं वाढवूनच सांग.

तुझी,
मम्मी