दिवाळीला येत नाही, त्याचं खरं कारण

मॉन्ट्रोज, कोलोरॅडो
कोजागिरी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर ऑफिसचं काम आहे म्हणाले, ते खोटं. आईने तेव्हाच ओळखलं असणार. "बरं" एवढंच म्हणाली आणि लगेच गॅसचा सिलिंडर कसा उशिरा आला ते सांगायला लागली. तिचं ते "बरं" मी बारावीच्या निकालापासून ओळखते.

खरं कारण लिहिते. बाबा, वाचून पत्र बाजूला ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा. मला यंदा टॅग लागलाय. टॅग म्हणजे हरणाच्या शिकारीचा परवाना. एक माणूस, एक नर, मोजके दिवस, आणि नकाशावर आखून दिलेला एकच भाग. तिसरा रायफल सीझन म्हणतात त्याला, आणि तो नेमका दिवाळीच्या आठवड्यात आलाय. दर एप्रिलला अर्ज करायचा, सोडतीत नंबर लागला नाही की खात्यावर एक पॉइंट जमा होतो. असे बारा पॉइंट साठले तेव्हा या भागाचा टॅग हातात आला. अजून एक वर्ष थांबता आलं असतं, हे मला कळतं. पण तुमचे व्याही थांबू शकत नाहीत.

डॅड आता ७८ वर्षांचे आहेत. रंकाळ्यावर तुमच्याबरोबर उभं राहून भेळ खाताना त्यांच्या हातून पुडी सांडली होती, आठवतं? तेव्हा आपण हसलो. तो थरथरणारा उजवा हात आता कपसुद्धा धरत नाही. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचा अर्ज भरलाच नाही. "तुझा लागला तर मी दुर्बीण घेऊन येतो," म्हणाले. मार्कला थंडी आणि रक्त दोन्ही चालत नाही, तो घरी राहून मुलाला सांभाळणार आहे. म्हणजे त्यांच्याबरोबर जाणारी मीच.

बाबा, तुमच्या गळ्यात माळ आहे आणि तुमची मुलगी हरीण मारायला निघालीय. हे वाक्य मी चार वेळा खोडून परत लिहिलं. माझी बाजू मांडू द्या.

डॅडच्या घरी जिन्याखाली बुटाच्या खोक्यात जुने फोटो आहेत. त्यातला एक १९६१ चा. विलिस जीपच्या बॉनेटवर आणि टपावर मिळून पाच नर दोरीने बांधलेत, शिंगं एकमेकांत अडकलेली. बाजूला डॅडचे वडील, तोंडात सिगरेट. आणि कानटोपी घातलेला सोळा वर्षांचा डॅड, कॅमेऱ्याकडे न बघता हरणाच्या कानाला हात लावून उभा. म्यूल डिअर म्हणतात या हरणाला, कारण कान खेचरासारखे, वीतभर लांब. त्या पाचांतली दोन शिंगं इतकी रुंद आहेत की तशी जिवंत जनावराच्या डोक्यावर मी आजवर पाहिलेली नाहीत. तेव्हा परवाना हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर मिळायचा, खिळे घेता घेता घ्यायचा. काही भागांत एका माणसाला दोन-दोन हरणं मारायची मुभा होती. सीझन उघडला की वर्गात निम्मी बाकं रिकामी, असं डॅड सांगतात.

इथले सगळेच म्हातारे त्या काळाबद्दल असंच बोलतात, जसे आपल्याकडे पंचगंगेच्या माशांबद्दल बोलतात. तेव्हा शिकारी कसे होते आणि आता कसे झालेत! मी एकदा डॅडना सरळ विचारलं, तुमचा नेम चांगला होता की हरणंच जास्त होती? थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हरणं."

आणि ती जास्त होती त्यालाही कारण होतं. त्याच्याही दोन पिढ्या आधी, चांदीच्या खाणी निघाल्या तेव्हा, खाणकामगारांना मांस पुरवण्यासाठी माणसं पैसे घेऊन हरणं मारत. एकोणिसावं शतक संपता संपता डोंगरच्या डोंगर रिकामे झाले होते. मग कायदे आले, शिकार बरीच वर्षं आवळून धरली. त्यातच लांडगे संपवले गेले, कोल्ह्यांना विष घातलं गेलं, आणि गुराढोरांनी गवत खाऊन टाकलेल्या जागी हरणांच्या आवडीची झुडपं माजली. डॅडच्या लहानपणी जे हरणांचं पीक आलं ते असं. ते सोनेरी दिवस खरेच होते, पण ते काही कोणाच्या पुण्याईने आले नव्हते.

आता कोलोरॅडोत १९९९ पासून हरणाचा परवाना सोडतीनेच मिळतो. २००५ च्या सुमारास इथे सहा लाखांच्या आसपास म्यूल डिअर होती, आता चार लाखांच्या आसपास. हिवाळ्यात बर्फ टाळायला ती ज्या सखल भागात उतरतात तिथेच आता घरं, रस्ते, गॅसच्या विहिरी. आमचं घरसुद्धा तशाच जागी आहे, बाबा, हे लिहिताना बरं वाटत नाही. डिसेंबरात माद्या आमच्या अंगणातली सफरचंदाची झाडं सोलतात आणि मी खिडकीतून बघत चहा पिते.

म्हणून मी सांगते, आज शिकारीला जाणं म्हणजे बहुतेक वेळ बघणं. पहाटे टेकडीच्या कुशीत बसायचं, मांडीखाली गादीचा तुकडा, आणि दोन-दोन तास दुर्बिणीतून झुडूप-झुडूप वाचायचं. सेजब्रशच्या झुडपाला ओव्याच्या जवळपासचा वास असतो, दहिवरात जास्तच. दोन वर्षांपूर्वी, नुसती बरोबर गेले होते तेव्हा, मी एका वाळक्या फांदीकडे दहा मिनिटं बघत होते. ती फांदी वळली. मग मागचा डोळा दिसला, मग नाक, मग एवढा थोरला नर, कधीपासून आमच्याकडेच बघत बसलेला. उठला आणि चारही पाय एकदम जमिनीवरून उचलत टणाटण गेला, लगोरीच्या चेंडूसारखा. डॅड तासभर हसत होते.

शिंगांचंही लिहिते, कारण ते लपवलं तर हे पत्र अर्धंच होईल. हो, मलाही मोठ्या शिंगांचाच नर हवाय. डॅडच्या तरुणपणी "तीस इंच" हा मंत्र होता, शिंगांचा पसारा तीस इंच भरला की गावभर नाव. आता बून अँड क्रॉकेट क्लबची मोजणी चालते. हा क्लब १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी काढला. टेप घेऊन इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात, तेही शिंगं साठ दिवस वाळल्यावर. आणि डावं-उजवं सारखं नसेल तर गुण कापतात! आई, मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकी बघत नाहीत. नेहमीच्या घडणीची शिंगं असलेल्या नराचा विक्रम अजून १९७२ चाच आहे, आमच्या दक्षिणेला डोलोरेस काउंटीत डग बरिस नावाच्या माणसाने मारलेला, २२६ आणि वर अर्धा. पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढ्या दुर्बिणी, एवढे कॅमेरे, फोनवरचे नकाशे, तरी तो मोडलेला नाही.

१९७२, बाबा. आपल्याकडे वन्यजीव कायदा आला ते साल. आप्पांनी बारा बोअरची बंदूक जमा केली ते साल. तिकडे एक दार बंद झालं आणि इकडे त्याच वर्षी विक्रमाचं हरीण पडलं. हे मी डॅडना सांगितलं तेव्हापासून ते आप्पांबद्दल असे बोलतात जसे कॅम्पमध्ये एकत्र बसले होते. मी त्यांना मध्ये थांबवत नाही.

आजच्या शिकाऱ्यांतलं जे मला आवडत नाही तेही सांगते. सहाशे-सातशे यार्डांवरून गोळी घालणारे आहेत. यंत्र अंतर सांगतं, दुसरं यंत्र वारा सांगतं, हरणाला काही कळतच नाही. पैसेवाल्यांचा तर वेगळाच खेळ. शेजारच्या यूटात अँटिलोप बेटावरच्या एका टॅगचा लिलाव तीन लाख डॉलरच्या वर गेलेला आहे. ते पैसे रानासाठीच वापरतात म्हणे, आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचेही, १९३७ पासून. बरं, वापरू देत. आमचा नियम डॅडचा आहे, दोनशे यार्डांच्या आत. नाही जमलं तर घरी. रायफलही त्यांच्या वडिलांचीच, फोटोतल्या जीपला टेकून ठेवलेली.

आणि मांस वाया जात नाही. डोकं नेऊन धड टाकून देणं हा इथे मोठा गुन्हा आहे. आई, तुझी कांदा-लसूण चटणी घालून मी सुकं करते, डॅड दोनदा मागून घेतात आणि नंतर नाक पुसत बसतात. तू त्या रोगाचं कुठेतरी वाचून मला पाठवलं होतंस ना, हरणं वाळत जाऊन मरतात तो? खरा आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा दिसला, औषध नाही, शिजवूनही जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी आम्ही डोकं तपासणीला देतो आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरला, कोणी हात लावायचा नाही. हे अगदी तुझ्यासारखं करते मी, नवीन लोणच्याची बरणी असल्यासारखं.

थंडीची काळजी करू नका. तंबूत लाकडाची शेगडी असते, रात्री इतकी तापते की डॅड स्वेटर काढतात. थर्मास दोन, तू दिलेली घोंगडी एक, आल्याच्या वड्या आहेत. डोंगरात फोन लागत नाही, पण सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र आहे, रोज संध्याकाळी मार्कला "बरे आहोत" जातं आणि तो तुम्हाला पाठवेल. अंगावर भडक जाकीट घालावंच लागतं, नारिंगी नाहीतर गुलाबी. मी गुलाबी घेतलंय. आई, अगदी तुझ्या शालूचा राणी रंग. मला कोणी हरीण समजणार नाही.

बाबा, मी पाच-सहा वर्षांची असताना न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेला वाघ बघून भोकाड पसरलं होतं. तुम्ही कडेवर घेऊन म्हणालात, झोपलाय गं तो. मी विचारलं, डोळे उघडे ठेवून? तुम्हाला उत्तर सुचलं नाही म्हणून तुम्ही मला बाहेर नेऊन आइसकांडी दिलीत. मला ते अजून आठवतं, आणि नर पडला तर त्याच्या डोळ्यांकडे मी बघणार आहे, आधीच ठरवलंय. रडू आलं तर डॅड काही बोलणार नाहीत. पहिल्या वेळी तेही रडले होते, हे मार्कलासुद्धा माहीत नाही.

जे लिहायला घाबरत होते ते आता लिहिते. त्यांच्या म्हातारपणी मी त्यांच्याबरोबर डोंगर चढतेय, आणि तुम्हाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रिक्षाने एकट्याने जावं लागलं. आई रिक्षात होती म्हणाल तुम्ही. होती. पण मी नव्हते. याची भरपाई टॅगसारखी पॉइंट साठवून होत नाही. जानेवारीच्या तीन तारखेची तिकिटं काढलीत, मार्क आणि छोटा दोघंही येतायत, पाच आठवडे. हे समजूत घालायला लिहीत नाही, खरंच काढलीत.

आता ऐका. फराळ यंदा विकत आणायचा. आई, चकलीच्या सोऱ्यावर जोर लावून परत खांदा धरून बसलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. लाडू फार तर शंभर ग्रॅम तुपाचे, आणि बाबांना दोनच. अभ्यंगस्नानाला मोरीत ती रबराची चटई घालायचीच, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली मी व्हिडिओत पाहिली. बीपीची गोळी सकाळची सकाळी. आकाशकंदील वरच्या मजल्यावरचा मुलगा लावेल, मी त्याच्याशी बोललेय, तुम्ही त्याला फक्त चहा द्या. लक्ष्मीपूजनाला माझ्या नावाची पणती तुळशीपाशी नको, आत देव्हाऱ्यात लाव. बाहेर वारा असतो.

तुमची,
ठकी

ता. क. बाबा, डॅडना ओसरीवरच्या आप्पांच्या सांबराच्या शिंगांचं माप हवंय. बुडापासून टोकापर्यंत, बाहेरच्या वळणाने, दोन्हींचं वेगवेगळं. तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. त्याच मुलाला चढवा, टेप आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. इंचांत पाठवा, सेंटिमीटर त्यांना कळत नाहीत.