शेवटची युनिटच सर्वांत महाग

महोदय,

एप्रिल-मे महिन्यांची वीजबिले हातात पडली, की दरवाढीवर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु बिल फुगण्यात दरटप्प्यांचा जो वाटा असतो, त्याचा विचार सांगली-मिरजेतील घराघरांतून फारसा होत नाही, असे मला वाटते. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटसाठी एक दर, १०१ ते ३०० युनिटसाठी त्याहून बराच जास्त आणि ३०० च्या पुढे आणखी चढा दर लागतो. ज्या घरात एरवी महिन्याला १५० युनिट लागतात, तेथे दीड टनाचा एसी रोज रात्री आठ तास चालला आणि त्याने ताशी सरासरी एक युनिट घेतले, तरी २४० युनिटची भर पडते. एकूण वापर ३९० होतो आणि त्यातील ९० युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात. तोच एसी चार तासांवर आणला, तर एकूण २७० युनिट होऊन तिसरा टप्पा लागतच नाही. म्हणजे वाचलेल्या १२० युनिटपैकी ९० युनिट सर्वांत महाग दराची असतात आणि त्यांवरील १६ टक्के वीज शुल्कही वाचते.

चार तास पुरतील का, हा प्रश्न मुंबईत किंवा रत्नागिरीत वेगळा आहे, कारण तेथील दमट हवा रात्रीही सुटका देत नाही. सांगलीत दुपारी पारा चाळिशीला टेकला, तरी हवा कोरडी असते आणि मध्यरात्रीनंतर बाहेर चांगलाच गारवा येतो. तो घरात जाणवत नाही, याचे कारण डोक्यावरचा स्लॅब आहे. दिवसभर तापलेले काँक्रीट ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहते आणि वरच्या मजल्यावरील एसी बऱ्याच अंशी हीच उष्णता बाहेर काढण्यात वीज खर्च करतो. म्हणून उपायाची सुरुवात गच्चीपासून व्हावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन बरेचसे परतवले जाते. हा चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. तरीही त्याचा खर्च एसीच्या बिलापुढे किरकोळ आहे. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरच्या बाजूने पडदे असावेत आणि त्या दुपारी बंद, रात्री जाळी लावून उघड्या ठेवाव्यात.

कोरड्या हवेचा दुसरा लाभ म्हणजे वाळ्याचे पडदे आणि कूलर येथे खरोखर काम करतात. घरगुती कूलरला एसीच्या मानाने फारच थोडी वीज लागते, मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. वळवाचे ढग दाटून आल्यावर कूलरचा उपयोग उरत नाही आणि त्या दिवसांत एसी लावण्यात काहीच गैर नाही. घरात तान्हे बाळ किंवा वयोवृद्ध, आजारी माणूस असेल, तर त्याच्या बाबतीत युनिट मोजत बसू नये, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे.

एसी लावायचाच असेल, तर १८ वर ठेवून पांघरूण घेण्याची पद्धत आधी सोडावी. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले, की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नव्या एसींमध्ये २४ अंश हे मूळ तापमान ठेवणे याच हेतूने बंधनकारक झाले. २६ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा, एवढ्यावर शांत झोप लागते. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा आणि टायमर मध्यरात्रीनंतरचा लावावा.

एक अडचण मात्र एकट्या कुटुंबाच्या हातातली नाही. अपार्टमेंटमध्ये गच्ची सामाईक असते आणि उन्हाचा त्रास वरच्या मजल्यालाच होतो, त्यामुळे चुन्याचा विषय निघाला, की खर्च कोणी करायचा यावर तो अडतो. गच्चीची देखभाल ही साऱ्या इमारतीची जबाबदारी आहे. शहरातील सोसायट्यांनी उन्हाळ्यापूर्वीच्या बैठकीत हा खर्च देखभाल निधीतून मंजूर करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली