चपलेत आधी तुमचा हात जातो, भाऊ

भाऊ, नमस्कार.

मिशनच्या दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली तुम्ही चालवता. तिच्यामुळे आमच्या भागातली कितीतरी माणसं अजून आपल्या पायाने वावरात जातात. हे चारचौघांत कुणी सांगितलंच नाही, म्हणून हे पत्र.

रक्तपितीच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि त्या चांगल्या आहेत. जंतू कमी असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२. जंतू मरतात, कार्डावर ‘उपचार पूर्ण’ लिहिलं जातं. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, असं जाहीर झालं आणि पुष्कळांनी विषयच गुंडाळून ठेवला. पण कार्ड बंद झालं म्हणून मेलेली नस जिवंत होत नाही. तळपाय बधिर तो बधिरच. पऱ्हाटीचा खुंट रुततो, तुरीचं फणकट घुसतं, अन् माणसाला पत्ता लागतो तो संध्याकाळी बाजेवर रक्त दिसल्यावर. ‘दुखतच नाही तं जखम कायची?’ असं म्हणत तो दुसऱ्या दिवशी पुन्हा डवऱ्यामागे.

असे पाय तालुक्याच्या एका दवाखान्यात टेबलापलीकडूनच पाहिले गेले. ‘वर नका घेऊ, दिसते इथून.’ चिठ्ठीवर मलम. मलमाने ही जखम भरत नाही, कारण तिचं दुखणं मलमाच्या जागी नाहीच. चालताना एकाच ठिकाणी भार पडत राहतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली मांस फुटतं. भार काढला की साधी जखम पाच-सहा आठवड्यांत भरून येते. पेरणीच्या दिवसांत भार काढायचा कसा, हे मात्र टेबलामागून सांगता येत नाही. तुम्ही सांगता: पावलं आखूड टाका, मधे मधे बसा, बांधापर्यंत बैलगाडीने जा.

आणि घमेलं. साधं गार पाणी, गरम अजिबात नाही, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. वीसेक मिनिटं पाय भिजवायचा, खरबरीत दगडाने घट्टा हलक्या हाताने घासायचा, ओल्या कातडीवरच तेल चोळायचं. या पायाला घाम येत नाही म्हणून तो सुकतो आणि भेगाळतो. तेल आत शिरलेलं पाणी धरून ठेवतं. कोरड्या पायावर वाटीभर तेल ओतलं तरी व्यर्थ. खोबरेल नसेल तर घरातलं जवसाचंही चालतं, हे तुम्ही आवर्जून सांगता. जखमेला घाण वास येऊ लागला, ताप आला किंवा जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलं, तर तुम्ही पट्टी बांधून परत पाठवत नाही. आत हाडाचा मेलेला तुकडा असू शकतो, म्हणून थेट डॉक्टरांसमोर उभं करता.

पण मनात राहिलं आहे ते दुसरंच. चप्पल देण्याआधी तुम्ही तिच्यात आपला उघडा हात घालता. टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश फिरवता, खडा, खिळ्याचं टोक, दोऱ्याची गाठ शोधत. या चपलेला खिळा नसतोच, ती चिकटवून शिवलेली असते; वरचं रबर इतकं मऊ की चिमटीत दाबलं तर निम्मं दबावं, खाली काट्याला दाद न देणारा कडक तळ, मागे पट्टा. हे सगळं ठाऊक असूनही तुमचा हात आत जातोच. त्या पायाला जे कळत नाही, ते तुमच्या हाताला कळतं. तुम्ही खाली जमिनीवर बसलेले असता आणि रुग्ण खुर्चीवर. आयुष्यात कुणी पहिल्यांदाच त्याला वर बसवलेलं असतं.

वेलस्ली बेलींनी १८७४ मध्ये कुष्ठ मिशनचं काम सुरू केलं तेव्हा रोग बरा करणारी गोळी नव्हती. होती ती भाकर, छप्पर अन् पट्टी. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला त्याच मिशनचा दवाखाना आहे. गोळी आली, तरी पट्टीचं काम काही संपलं नाही. योहानाच्या १३ व्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. तुम्ही रविवारी मंडळीत पेटी वाजवता. तो अध्याय सोमवार ते शनिवार त्या खोलीत चालतो. पट्टी बांधताना धर्माचा शब्द नाही. कुणी विचारलंच, तर दोन वाक्यांत सांगता. ‘फुकट करतात म्हणजे काहीतरी असेलच’ म्हणणारे गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या एकानेही अजून घमेलं उचललेलं नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.

आता मृग तोंडावर आहे. रबर चपटं झालेले सात जोड बाजाराच्या दिवशी पाठवतो आहोत, नव्या तळासाठी मापं सोबत आहेत. आतून हात फिरवून बघितलं आहे. तुम्ही पुन्हा फिरवालच.

आपले,
पंचक्रोशीतले गावकरी