त्या एका प्रश्नाबद्दल आभार

प्रिय ताई,

वयाने तुम्ही माझ्या मुलीसारख्या, पण समुपदेशनाच्या पहिल्या भेटीपासून ताई म्हणत आलो, तेच राहू दे. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखं आणखी कुणी मनात कोंडून बसलं असेल तर त्यांनीही वाचावं.

ही गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ४६ वर्षांचा संसार. भेटायला आलेली माणसं चांगली होती, पण सगळ्यांचं एकच: सावरा, मन रमवा. मी मान डोलवायचो. दुपारी डोळा लागता लागता मला तिची हाक ऐकू येते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. अगदी स्पष्ट. "अहो!" मी ओ देऊन उठून बसायचो, आणि घर रिकामं आहे हे पुन्हा पहिल्यापासून कळायचं. या वयात असं काही ऐकू आलं की माणूस आधी स्वतःच्याच डोक्यावर संशय घेतो. स्मृतिभ्रंश असेल, मुलगा घाबरेल, मला एकटं राहू देणार नाहीत. म्हणून गप्प राहिलो.

तुमच्याकडे तिसऱ्या भेटीत ते तोंडून निसटलं. तुम्ही दचकला नाहीत. एवढंच विचारलंत, "काय म्हणतात त्या?" म्हणतात! ताई, तोवर सगळे तिच्याबद्दल 'होत्या' असंच बोलत होते.

मग झोप, भूक, विसरभोळेपणा सगळं विचारलंत. तो आवाज काही करायला सांगतो का, हेही विचारलंत, आणि डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या म्हणालात. घेतलं. काही निघालं नाही. पण खरा धीर आला तो तुम्ही सांगितलेल्या, डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांच्या अभ्यासाने. त्यांनी २९३ विधवा आणि विधुरांना विचारून १९७१ मध्ये लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जाणवत होता. बहुतेकांना नुसता जवळ असल्यासारखा, काहींना दिसायचा, काहींना ऐकू यायचा. आणि त्यातल्या बहुतेकांनी आधी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. हे शेवटचं मी तुमच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं, आठवतं?

एक दिवस बँकेची कामं उरकायची आणि दुसऱ्या दिवशी तिचा चष्मा हातात घेऊन बसून राहायचं, याला मी घसरण समजत होतो. दुःखात असं जाणं-येणं चालायचंच, ते तसंच चालू द्या, हेही तुम्हीच सांगितलंत.

हाक आता क्वचित येते. आली की ओ देतो आणि पडून राहतो.

गेल्या महिन्यात मुलाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मलाही आईच्या बांगड्या ऐकू येतात."

तुमचा,
दर बुधवारी येणारा