सुमीची चढलेली भुवई

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

तुझे दोन्ही फोटो मिळाले. भाच्याच्या लग्नातला आणि त्यानंतर पार्लरमधून आल्यावर काढलेला. दुसरा बघून आधी हसले, मग चिडले. तुझ्यावर नव्हे, जिनं कुणी दोरा फिरवला तिच्यावर. वर चढलेल्या भुवईचा वरचा काठ पार उतरवलाय, तरी ती चढलेलीच! मग दुसरी तिच्या जोडीला आणायची म्हणून खालून घेतलंय, मग पुन्हा पहिली. दोन मांजरं, माकड आणि लोण्याचा गोळा. पारडी काही सारखी झाली नाहीत, लोणी तेवढं संपलं.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधी. तू सारखी 'उजवी वर आहे, उजवी वर आहे' म्हणत होतीस. ती डावी आहे गं! फोटोत उजव्या हाताला दिसते म्हणून तुला उजवी वाटली. आपण स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. त्या उलट्या चेहऱ्याची डोळ्याला सवय असते. लग्नाच्या फोटोत पहिल्यांदा लोकांना दिसते तशी दिसलीस आणि घाबरलीस. आम्ही चाळीस वर्षं तशीच बघतोय तुला. कॉलेजच्या गॅदरिंगला भावे नाट्यमंदिरात तू सासू झाली होतीस, आठवतं? सांगलीच्या या नाट्यपंढरीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं पहिलं नाटक झालं तेव्हापासून किती भुवया चढल्या असतील, पण तुझी एक भुवई चढली तेव्हा संवादाआधीच टाळी पडली होती.

आता ती का चढते ते सांगते. भुवई वर ओढतो तो कपाळाचा स्नायू. तो दोन्हीकडं सारखा जोर लावतोच असं नाही. त्यात तू शाळेत बाई होतीस तीस वर्षं. मागच्या बाकावर नजर टाकायची तर आधी भुवई वर. शिवाय डोळ्यांच्या खोबण्याही सगळ्यांच्या एका रेषेत नसतात. तुझा चष्मा एका बाजूला कलतो म्हणून चष्मेवाला दर वेळी काडी वाकवून देतो ना, कारण कानही एका पातळीत नसतात. तसंच हे. म्हणजे केस काढून स्नायू खाली येणार नाही आणि हाड तर नाहीच नाही.

उद्या सकाळी एवढं कर. आरशासमोर ताठ बस, डोळे मीट, कपाळावर तळवा ठेवून कपाळ सैल सोड. मग तळवा तसाच हलका ठेवून डोळे उघड. फरक बराच कमी झाला तर तो सवयीचा. राहिला तेवढा हाडाचा, तो तुझा स्वतःचा. आणि बघताना डाव्या डोळ्याची पापणी उजवीपेक्षा खाली आलीय का तेही बघ. पापणी जड झाली की नीट दिसावं म्हणून भुवई आपोआप वर ओढली जाते. तसं असेल तर ते काम माझं नाही, डोळ्याच्या डॉक्टरांचं. चेहऱ्याची एखादी बाजू अचानक उतरली तर तासभरही थांबू नकोस. तुझं तसं नाही, तुझी बारावीपासूनची आहे.

मीही हा घोळ घातलाय बरं. नवी नवी शिकत होते तेव्हा आत्येबहिणीच्या लग्नाला तिच्या आयब्रो मीच केल्या. ती खुर्चीत मागं रेललेली, एका हातानं पापणी खाली ओढलेली, दुसऱ्यानं कपाळ वर ताणलेलं. कातडी अशी ताणलेली असताना मी दोन्ही कमानी अगदी तंतोतंत जुळवल्या. तिनं हात सोडले, उठून बसली आणि कमानी दोन दिशांना गेल्या! मग इकडून दोन केस, तिकडून दोन केस. अजून मी त्यांच्याकडं गेले की चहाबरोबर अल्बम येतो.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आधी बाईला सरळ बसवायचं, गप्पा मारायच्या. बोलताना चेहरा कसा हलतो ते बघायचं. मग दोरा फिरवायला नाही, मोजायला घ्यायचा. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर धरला की भुवईची सुरुवात. तिथूनच बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून नेला की कमानीचं टोक. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेला की शेवट. पांढऱ्या पेन्सिलीनं ठिपके द्यायचे, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे मोजून. सुरुवात, शेवट आणि जाडी जुळली की बघणाऱ्याचं समाधान होतं. कमानीच्या उंचीत एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं राहिलं तरी समोरच्याला कळतही नाही. उंचीच्या मागं लागलं की सगळं बिघडतं, आणि नव्या पोरी नेमक्या तिच्याच मागं लागतात.

गेल्या महिन्यात पुतणीचा तंबोरा घेऊन मिरजेला गेले होते, जवारी काढायला, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज झणझणता करून घ्यायला. तासभर कारागिराशेजारी बसले. ते घोडीवर कानस दोनदाच फिरवायचे, तार चढवायचे, खालचा सुती दोरा केसभर सरकवून ऐकायचे. मग तार उतरवून परत दोनदा. मी म्हटलं, एकदम का नाही घासत? म्हणाले, "घासलेलं परत लावता येत नाही." मंगळवेढ्याकडचे भोपळे रचून ठेवले होते, एकासारखा दुसरा नव्हता. पुतणी कंटाळून भेळ खायला गेली, मी मात्र हलले नाही. मलाही दोराच फिरवायचा असतो ना! हल्ली मीही दोन-तीन केस काढले की दोरा खाली ठेवते, बाईला उठवते, तीन पावलं मागं जाऊन बघते. गिऱ्हाईक म्हणतं, वहिनी फार वेळ लावता. लावते.

तुझ्या भुवयांना आता कुणाचाही दोरा लागू द्यायचा नाही. भुवईचा केस परत यायला तीन-चार महिने धरून चाल. मधे खुरटं वाढेल, वाईट दिसेल, हात शिवशिवतील. प्लकर कपाटात टाक आणि किल्ली भावजींना दे. एरंडेल लावायचं तर लाव, पण त्यानं केस उगवतात असं मी कुणाला छातीठोक सांगत नाही. आणि बाहेरचं टोक न काढताच विरळ झालं असेल तर एकदा थायरॉइड तपासून घे. आपल्या वयात हे बघावं.

तोवर पेन्सिल. काळी नको, गडद तपकिरी. उजवी खाली आहे, तर तिच्या वरच्या काठाला केसासारख्या बारीक रेघा, केसांच्या दिशेनं. डावी वर आहे, तर तिला खालच्या काठाला. रेघ सलग ओढलीस तर तमाशातली दिसशील. झालं की बोटानं जरा पुसून टाक. आणि हे भिंगाच्या आरशात करू नकोस, त्यात केसाचं झाड दिसतं. साधा आरसा, खिडकीचा उजेड, चष्मा लावून एकदा, काढून एकदा.

गणपतीत येशीलच. तोवर वाढलेलं असेल तेवढंच बघू, नाही तर दिवाळीला. भाच्याच्या लग्नाआधीचा एखादा समोरून काढलेला फोटो आण, हसताना नको.

धाकट्या जाऊबाई मंगळवारी पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर भडंगाची दोन पाकिटं पाठवतेय, एक भावजींचं. पिशवीत तळाशी पेन्सिल आहे, मी टोक काढूनच ठेवलंय. तू काढायला जाऊ नकोस, फार अणकुचीदार करतेस.

तुझी,
मंदी