पालिकेच्या शहराला ग्रामसभा का नाही?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात पालिका मंडळांच्या बैठकांच्या बातम्या जवळपास रोज असतात. कुणी कुणावर अविश्वास ठराव आणला, नगराध्यक्षपद ठरल्याप्रमाणे अडीच वर्षांनी सुटणार की नाही, कोण कुणाच्या पॅनलमधून फुटला. मी त्या आवडीने वाचतो, खोटे कशाला सांगू? पण इतक्या बातम्यांत घरपट्टी भरणारा माणूस काही बोलल्याचे मला सहसा दिसत नाही. त्याला बोलायला जागाच नाही. त्याबद्दलच हे पत्र.

मी एकतीस वर्षे पंचायत सचिव म्हणून नोकरी केली. बदल्या होत होत उत्तर गोव्यातल्या बऱ्याच पंचायतींची कपाटे उघडून झाली. राहतो मात्र पालिकेच्या शहरात, वडिलांनी बांधलेल्या घरात. (वडील पालिकेला शेवटपर्यंत ‘कामर’ म्हणत, ते पोर्तुगीज अमलातले नाव. गोवा मुक्त होऊनही त्यांची ती सवय गेली नाही.) म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावच्या ग्रामसभा मी लिहिल्या आणि माझ्या स्वतःच्या शहरात मला एकही मिळाली नाही.

गोवा पंचायत राज कायदा 1994 चा. त्यानुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या एखाद्या रविवारी ग्रामसभा घ्यावीच लागते. शिवाय 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबर या दिवसांच्या खास सभा असतात. मतदारयादीत नाव असले की झाले, उठून सरपंचाला प्रश्न विचारता येतो. पालिकांचा कायदा 1968 चा. त्याखाली चालणाऱ्या माझ्या शहरात लोकांनी बसून पालिकेला जाब विचारावा अशी सभा भरलेली मी आजवर पाहिलेली नाही.

आता कुणी म्हणेल, ग्रामसभा म्हणजे निव्वळ भांडण. असतेच भांडण. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची, बाहेर चहा प्यायचा आणि त्याच पंचवीस माणसांना घेऊन पुन्हा सुरू करायची, हे मी कितीदा केले याचा हिशेब नाही. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यातच दोन तास जात. दोन भावांचा पायवाटेचा तंटा ग्रामसभेत आणून अख्ख्या गावाची सकाळ खाणारे महाभागही पाहिले. तरीही सांगतो, सरपंच घाबरतो तो त्या इतिवृत्तालाच. बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, दूर असतो, गाव समोर बसलेले असते.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एप्रिलची सभा, शाळेचा हॉल, पंखा कुरकुरत होता. एक वयस्क बाई उठली आणि सरपंचाकडे न बघता थेट मला म्हणाली, “सेक्रेटरी, हें बरय (हे लिही). पंचाच्या दारांत दोन दिवे आनी आमच्या पांयवाटेर काळोख.” मी लिहू लागलो. टेबलाखालून सरपंचाने माझ्या पायावर पाय ठेवला. मी लिहिले. जुलैच्या सभेत ते वाक्य मोठ्याने वाचावे लागले, तिच्याच शब्दांत, कारण मी ते मराठीत आणलेच नव्हते. हॉलमध्ये हशा पिकला. ऑक्टोबरच्या सभेच्या आधी वीज खात्याची गाडी येऊन त्या पायवाटेवर खांब उभा राहिला. त्या बाईने ना अर्ज केला होता, ना कुणाच्या दारात गेली होती.

आता माझ्या शहरातली गोष्ट. बाजाराच्या मागच्या रस्त्यावरचे गटार मे महिन्यात साफ केले, पावसाळापूर्व कामे म्हणून. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला (पहिल्या पावसात तो जिथून आला तिथे परत गेला, ते सोडा). झाकणाचे चार स्लॅब उचलले, तीन बसवले. चौथा फुटला म्हणे. त्या भोकात कुणीतरी माडाचे चुडत उभे केले आणि त्याला लाल प्लास्टिकची पिशवी बांधली. जूनमध्ये एका पहाटे, अजून उजाडायचे होते, पदेराच्या, म्हणजे घरोघर पाव विकणाऱ्याच्या, सायकलचे पुढचे चाक त्यात गेले. हॉर्नचा आवाज अर्ध्यात तुटला म्हणून मी बाहेर आलो. पाव, उंडे गटाराच्या पाण्यावर तरंगत होते आणि तो पोरगा गुडघा धरून बसला होता.

त्या दिवशी मी पालिकेत गेलो. तांत्रिक विभागात सांगितले, स्लॅब केबल घालताना फुटला, वीजवाल्यांना विचारा. वीजवाले म्हणाले, रस्ता पीडब्ल्यूडीचा. पीडब्ल्यूडीचे म्हणणे, गटार पालिकेचे. निघालो तिथेच परत पोचलो. मग नगरसेवकाला फोन केला. मुलगा चांगला आहे, मला मान देतो. तो म्हणाला, “काका, ती बाजू म्हज्या वॉर्डांत येना.” प्रभागांची फेररचना झाली तेव्हा सीमा रस्त्याच्या मधोमध गेली होती. माझे घर एका प्रभागात, गटार दुसऱ्यात. त्या दुसऱ्या नगरसेवकाला माझ्या मताची गरज नाही.

शेवटी मी मंडळाच्या बैठकीलाच जाऊन बसलो. मागच्या खुर्चीवर बसायला कुणी मज्जाव केला नाही. विषयपत्रिकेवर एक ओळ होती : गटार सफाईचे देयक मंजूर करणे. सगळ्यांनी हात वर केले, अर्ध्या मिनिटात विषय संपला. मी पण हात वर केला, बोलण्यासाठी. मला सांगण्यात आले की उपस्थितांनी बोलायचे नसते. नियम तसाच असणार, मी नियमांच्या जगातलाच माणूस, वाद घातला नाही. पण ज्या गटाराचे पैसे मंजूर झाले त्याचा एक स्लॅब जागेवर नाही, हे त्या खोलीत माहीत असलेला मी एकटा होतो, आणि गप्प बसायचे होते तेही मलाच.

हे असे का, याचे उत्तर संविधानात सापडते. पंचायतींसाठीची 73 वी घटनादुरुस्ती आणि पालिकांसाठीची 74 वी, दोन्ही 1993 मध्ये अमलात आल्या. पंचायतींच्या भागात ग्रामसभेला कलमच दिले. पालिकांच्या भागात प्रभाग समिती आली, पण ती बंधनकारक ठरली 3 लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. गोव्यात 3 लाखांची एकही पालिका नाही. अख्ख्या राज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14 लाख 58 हजार होती. दिल्लीत मोठी महानगरे डोळ्यांसमोर ठेवून ती अट घातली असेल, आपल्या तेरा पालिकांना आणि पणजी महापालिकेला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही.

आणि गंमत पाहा. वाळपईची लोकसंख्या त्या जनगणनेत साडेआठ हजारांच्या आसपास, तिथे पालिका. कळंगुट तिच्याहून कितीतरी मोठे, तिथे पंचायत. म्हणजे कळंगुटच्या माणसाला वर्षातून चार हक्काचे रविवार आणि वाळपई, पेडणे, सांग्याच्या माणसाला एकही नाही. शहर म्हणून मान मिळाला आणि बोलण्याची सोय गेली. लहान पालिकांच्या लोकसंख्येला प्रभागांच्या संख्येने भागले तर एका प्रभागात हजाराच्या आतबाहेर माणसे येतात. तेवढी तर मी सांभाळलेल्या पंचायतींच्या एखाद्या मोठ्या वाड्यावर असत.

केरळात हे केव्हाच सुटले. तिथल्या 1994 च्या पालिका कायद्यात एक लाखापर्यंतच्या शहरांत प्रत्येक प्रभागाला मतदारांची प्रभागसभा दिली आहे. महाराष्ट्राने नंतर क्षेत्रसभेचा विषय कायद्यात आणला. ती प्रत्यक्षात कुठे भरते, हे तिकडच्या वाचकांनी सांगावे. आपल्याकडे ग्रामसभांनी काय करून दाखवले ते आठवा. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा, ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारला काही महिन्यांत गुंडाळावा लागला. त्या दिवसांत कित्येक ग्रामसभांत उभे राहायला जागा नसे. नकाशे भिंतीवर लावून लोक सर्व्हे नंबर शोधत होते. शहरातली माणसे तेव्हा काय करत होती? वर्तमानपत्रे वाचत होती. मीही त्यातलाच.

मोठी कामे आता बरीचशी सुडा या राज्य सरकारच्या नगरविकास संस्थेमार्फत होतात. एक दिवस फलक लागतो, त्यावर रक्कम असते, जेसीबी येतो. जागेचा निर्णय कुणी घेतला हे नगरसेवकाला विचारावे तर तोही फलकच वाचत असतो. पालिकेकडे उरते ते घरपट्टी, व्यापार परवाने, दुकानांची भाडी, जकातीच्या बदल्यातले अनुदान आणि सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी पट्टी. सोपोची गोष्ट तर वेगळीच आहे.

चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस आमचा बाजार माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, सामानाने भरतो. आसपासच्या गावांतून बायका कवंडळे, घागऱ्या, आंबाडे अशी रानातली फळे आणि शेंगा, सुपारीची शिपटी घेऊन रात्रीच येऊन फूटपाथवर जागा धरतात. गेल्या चतुर्थीला मी घागऱ्या घेत असताना सोपोवाला आला. त्याने पावती फाडली, तिच्यावर आकडा नव्हता. बाई म्हणाली, गेल्या वर्षी वीस घेतले, यंदा पन्नास कसे? तो म्हणाला, मी कंत्राटदाराचा माणूस, मला काय विचारता. मी तिला तिचे गाव विचारले. ओळखीचे निघाले, मी तिथे साडेतीन वर्षे होतो. तिथल्या ग्रामसभेत ही बाई शंभर टक्के उठली असती. इथे ती घागऱ्या विकून बसने घरी गेली. सोपो पालिकेचा, लिलावही पालिकेचा, तर दर किती तो एका फळ्यावर लिहून बाजाराच्या तोंडाशी लावायला कायदा बदलावा लागत नाही. रंग आणि ब्रश पुरे.

कायदा बदलला तर उत्तमच. आमदारांनी विधानसभेत दुरुस्ती मांडावी, प्रभागसभा वर्षातून दोनदा तरी सक्तीची करावी. नगरविकास खात्याने परिपत्रक काढले तरी सुरुवात होईल. पण तोवर कुणी थांबायला सांगितले आहे? कोणत्याही पालिकेने एक रविवार ठरवावा, प्रभागातल्या शाळेचा हॉल घ्यावा. अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहून आणाव्यात : या प्रभागात गेल्या वर्षी कोणती कामे झाली, किती देयके मंजूर झाली, काय राहिले. मुख्याधिकाऱ्यांनी आणि कनिष्ठ अभियंत्याने तासभर बसावे. वीज आणि पीडब्ल्यूडीच्या माणसालाही बोलवावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायचे असेल तर सगळ्यांसमोर दाखवतील. पहिल्या सभेला पंधरा माणसे येतील, त्यातली दोन भांडतील. चालेल. दुसऱ्या सभेत मागचे इतिवृत्त वाचायला लागले की हळूहळू गर्दी वाढते, हा माझा अनुभव आहे.

नगरसेवकांना याची धास्ती वाटेल हे मी समजू शकतो. त्यांना एवढेच सांगतो की शिव्या सगळ्यांसमोर खाल्ल्या की घरी फोन कमी येतात. हेही अनुभवाचे बोल.

स्लॅबचे म्हणाल तर तो अजून बसलेला नाही. चुडत वाळून मोडले, आता तिथे गाडीचे जुने टायर आहे. पदेर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो.

आमच्या पालिकेने अशी सभा ठेवली आणि इतिवृत्त लिहायला माणूस नाही म्हणून ती अडत असेल, तर मला निरोप द्यावा. वही आणि पेन घेऊन येईन. मानधन नको. मात्र लोक जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहीन, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त पंचायत सचिव,
उत्तर गोवा